वनस्पती प्रकाशातून एटीपी बनवते, मग श्वसन कशाला करते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांची समीकरणे एकमेकांच्या अगदी उलट दिसतात. हिरवे पान प्रकाशातूनच एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) तयार करते, तर तो तिथल्या तिथे वापरून का टाकत नाही? आधी साखर करायची आणि मग तीच मोडायची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? शिवाय एका ग्लुकोजपासून एटीपी किती मिळतात, ३८ की ३०?

घोळाचे मूळ समीकरणातच आहे, म्हणून सुरुवात तिथून करू. सहा कार्बन डायऑक्साइड आणि सहा पाणी मिळून एक ग्लुकोज आणि सहा ऑक्सिजन असे आपण शाळेत लिहितो, आणि श्वसनासाठी बाण उलटा करतो. जमाखर्च म्हणून ते बरोबरच आहे. पण बाहेर पडणाऱ्या सहा ऑक्सिजन रेणूंत बारा अणू असतात आणि ते सगळेच्या सगळे पाण्यातून येतात, कार्बन डायऑक्साइडमधून एकही येत नाही. सहा रेणू पाण्यात बारा अणू आणायचे कुठून? म्हणून नीट लिहायचे तर डावीकडे बारा पाणी हवे आणि उजवीकडे सहा नवे पाणी हवे. १९४१ मध्ये सॅम्युअल रूबेन, मार्टिन कामेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवले. ऑक्सिजनचे १८ वस्तुमानाचे जड समस्थानिक असलेले पाणी त्यांनी शैवालाला दिले, तेव्हा बाहेर आलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन सापडला.

श्वसनाच्या बाजूलाही अशीच गल्लत होते. आपण आत घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. तो तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली श्वसनाची जागा) पाणी बनतो. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्नातला आणि पाण्यातला असतो. म्हणजे या दोन प्रक्रिया एकच रस्ता पुढे-मागे चाललेल्या नाहीत. दोन्हींची विकरे (एन्झाइम) वेगळी, जागा वेगळ्या, टप्पे वेगळे.

मग समान काय आहे? इलेक्ट्रॉन. पाण्याच्या रेणूत इलेक्ट्रॉन घट्ट धरलेले असतात, साखरेत ते त्यामानाने सैल असतात. घट्ट जागेतून उपटून सैल जागी ठेवायचे तर ऊर्जा घालावी लागते. सैल जागेतून घट्ट जागी जाऊ दिले की ती परत मिळते. ही उंची व्होल्टमध्ये मोजता येते. पाणी आणि ऑक्सिजन या जोडीचे विभव +०.८२ व्होल्ट, इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एनएडीपीएच या रेणूचे −०.३२ व्होल्ट. अंतर १.१४ व्होल्ट. प्रकाशसंश्लेषण इलेक्ट्रॉनला एवढे चढवते. श्वसनात एनएडीएच हा तसाच वाहक ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो. त्याचेही विभव −०.३२ च असल्याने तेच १.१४ व्होल्ट इलेक्ट्रॉन उतरतो. डोंगर एकच, चढायची वाट निराळी आणि उतरायची निराळी. ‘ऊर्जा तयार होते’ असे आपण सैलपणे म्हणतो. तयार काहीच होत नाही. सूर्यप्रकाश इलेक्ट्रॉन उचलतो, सजीव तो पायरीपायरीने खाली सोडतात आणि प्रत्येक पायरीवर थोडे काम करून घेतात.

आता चढ जवळून पाहू. हरितलवकाच्या आत थायलॅकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या असतात आणि त्यांच्या पटलात हरितद्रव्याचे रेणू प्रथिनांत बसवलेले असतात. यातले बहुसंख्य रेणू स्वतः काही रासायनिक काम करत नाहीत. ते प्रकाश पकडून शेजाऱ्याकडे, शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे, अशी ऊर्जा केंद्रापर्यंत पोचवतात. अशी दोन केंद्रे आहेत: प्रकाशप्रणाली २ मध्ये ६८० नॅनोमीटरला शोषणारे आणि प्रकाशप्रणाली १ मध्ये ७०० नॅनोमीटरला शोषणारे. क्रमांक उलटे वाटतात, कारण ते शोधाच्या क्रमाने पडले. काम मात्र २ पासून सुरू होते.

६८० नॅनोमीटरच्या एका फोटॉनमध्ये साधारण १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. चढ १.१४ चा असताना एका इलेक्ट्रॉनसाठी दोन फोटॉन का लागावेत? उचललेला इलेक्ट्रॉन क्षणात परत खाली पडू नये म्हणून प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा सोडून त्याला लांब न्यावे लागते. शिवाय दोन प्रणालींच्या मधल्या उतारावर प्रोटॉन ढकलायचे काम असते, त्याकडे पुढे येतो.

पाणी फोडणारा भाग तर मला या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत देखणा वाटतो. चार मँगनीज आणि एक कॅल्शियम यांचा ऑक्सिजनने बांधलेला एक छोटा पुंजका असतो. एक फोटॉन पडला की त्याच्यातून एक इलेक्ट्रॉन ओढला जातो. असे चार वेळा झाले, चार इलेक्ट्रॉनांची उधारी साचली, की तो ती दोन पाण्याच्या रेणूंकडून एकदम वसूल करतो आणि ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. हे दिसावे कसे? हरितलवके अंधारात ठेवून त्यांच्यावर प्रकाशाचे अतिशय छोटे झोत एकामागून एक टाकले तर पहिल्या दोन झोतांना ऑक्सिजन जवळजवळ येतच नाही. तिसऱ्याला सर्वांत जास्त येतो, मग सातव्याला, मग अकराव्याला. दर चारांनी. तिसऱ्यापासून सुरुवात, कारण अंधारात पुंजका एक पायरी चढलेल्या अवस्थेत थांबतो.

आता प्रोटॉन. इलेक्ट्रॉन पुढे सरकताना पिशवीच्या आत प्रोटॉन साचतात. आतला सामू ६ च्या आसपास किंवा त्याहून खाली उतरतो, बाहेरचा ८ च्या जवळ जातो. पटलातून प्रोटॉनला सहज जाता येत नाही. वाट एकच, एटीपी सिंथेज नावाच्या विकरातून. हे विकर खरोखर फिरते. प्रोटॉन आत शिरला की त्याचे चक्र एक घर सरकते, आणि पूर्ण फेरीला तीन एटीपी बाहेर पडतात. सस्तन प्राण्यांच्या तंतुकणिकेत या चक्राला आठ घरे असतात, हरितलवकात चौदा. म्हणजे तीन एटीपीसाठी तिथे आठ प्रोटॉन, इथे चौदा.

पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९६६ मध्ये आंद्रे जेगनडॉर्फ यांच्या प्रयोगाने पारडे फिरवले. त्यांनी थायलॅकॉइड ४ सामूच्या आम्लात मुरू दिले, मग एडीपी (एक फॉस्फेट कमी असलेला एटीपी) आणि फॉस्फेट असलेल्या ८ सामूच्या द्रावणात झटकन टाकले. पूर्ण अंधारात. तरीही एटीपी तयार झाला. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनांचा प्रवाह नाही, फक्त आत-बाहेर प्रोटॉनचा फरक. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळाले. ‘प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन एकमेकांच्या उलट’ असे शिकवताना नेमकी ही गोष्ट निसटते: एटीपी बनवण्याची पद्धत दोन्हीकडे एकच आहे. दोन्हीकडे इलेक्ट्रॉन वाहतात, प्रोटॉन एका बाजूला साचतात आणि त्याच घराण्यातले विकर फिरते. तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर १५० मिलिव्होल्टच्या पुढे विद्युत्-दाब असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पटलाची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. त्या हिशेबाने मीटरमागे तीन कोटी व्होल्ट होतात.

आता मूळ प्रश्न: पानातला एटीपी थेट का वापरत नाहीत?

पहिले कारण, एटीपी साठवता येत नाही. एक मोल एटीपी म्हणजे ५०७ ग्रॅम, आणि त्याचा शेवटचा फॉस्फेट तुटला की प्रमाण परिस्थितीत ३०.५ किलोज्यूल मिळतात. पेशीतल्या प्रत्यक्ष परिस्थितीत ५० च्या आसपास. एक मोल ग्लुकोज म्हणजे १८० ग्रॅम, आणि ते पूर्ण मोडले तर २८७० किलोज्यूल. ग्रॅममागे हिशेब केला तर ग्लुकोजमध्ये जवळजवळ २६५ पट ऊर्जा. एटीपी म्हणजे हातातली सुटी नाणी: पटकन खर्च करायला सोयीची, पण वर्षभराची पुंजी नाण्यांत कोणी ठेवत नाही. पेशीतला एटीपीचा साठा काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटांत पुन्हा नव्याने भरावा लागतो.

दुसरे कारण जागेचे. हरितलवकात बनलेला एटीपी तिथेच खर्च होतो. रोपाच्या दुसऱ्या टोकाला तो जात नाही. मूळ अंधारात असते, रुजणाऱ्या बीला पान नसते, खोडातल्या जिवंत पेशींना पुरेसा प्रकाश नसतो. या सगळ्यांना रसवाहिन्यांतून सुक्रोज पोचते आणि त्या आपापल्या तंतुकणिकांत ते मोडून आपापला एटीपी तिथल्या तिथे बनवतात. तिसरे कारण सरळ आहे: रात्र. पान दिवसा स्टार्च साठवते आणि रात्री ते सुक्रोज करून पाठवते. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात हा हिशेब इतका चोख असतो की उजाडेपर्यंत सुमारे ९५ टक्के स्टार्च संपलेला असतो, आणि अंधार वेळेआधी पडला तर खर्चाचा वेग त्याच रात्री कमी होतो.

चौथे कारण लोक विसरतात. साखर हे फक्त इंधन नाही, ती बांधकामाची वीटही आहे. सेल्युलोज, लिग्निन, प्रथिने, तेल, या सगळ्यांचा कार्बनी सांगाडा तिच्यातूनच येतो. एटीपी कितीही असला तरी त्यातून लाकूड होत नाही.

म्हणूनच ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ हे वाक्य पुसून टाकावे. श्वसन चोवीस तास चालू असते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्याने ते झाकले जाते, एवढेच. प्रकाश कमी करत गेलो की एका पातळीला दोन्ही वेग सारखे होतात आणि पान हवेतून निव्वळ काही घेतही नाही, देतही नाही. तिला संतुलन बिंदू म्हणतात. त्याच्या खाली सतत राहिलेले रोप साठा खात खात खंगते. दिवसभरात बनवलेल्या साखरेपैकी तिसरा हिस्सा ते निम्मी, कधी त्याहूनही जास्त, रोप स्वतःच्या श्वसनात खर्च करते.

जाता जाता, रात्री खोलीत कुंडी ठेवली तर प्राणवायू कमी होतो ही भीती. एक चौरस मीटर पान दर सेकंदाला साधारण एक मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड सोडते असे धरले, तर दहा तासांत दीड ग्रॅमच्या आसपास होतो. झोपलेला माणूस तेवढ्या वेळात दोनशे ग्रॅमच्या पुढेमागे सोडतो. कुंडीला घाबरायचे तर शेजारी झोपलेल्या माणसाला आधी बाहेर काढावे लागेल.

कार्बन पकडण्याच्या टप्प्याला अजून पुष्कळ ठिकाणी ‘अंधारातील अभिक्रिया’ म्हणतात. हे नाव मुळातच दिशाभूल करणारे आहे. या चक्रातली काही महत्त्वाची विकरे प्रकाश असतानाच जागी होतात आणि अंधारात बंद पडतात. कॅल्विन चक्र म्हणावे. मेल्विन कॅल्विन यांना त्यासाठी १९६१ मध्ये नोबेल मिळाले. एका ग्लुकोजएवढा कार्बन पकडायला १८ एटीपी आणि १२ एनएडीपीएच लागतात. या पायरीवर नासाडी फार कमी असते, घातलेल्या ऊर्जेतली ८० टक्क्यांच्या वर साखरेत उतरते. मोठी गळती इतरत्र आहे. एका कार्बनमागे किमान आठ फोटॉन धरले तर एका ग्लुकोजला ४८ फोटॉन, म्हणजे लाल प्रकाशाचे सुमारे ८४५० किलोज्यूल मोलमागे, साठतात २८७०. इथेच दोन तृतीयांश गेले. त्यात सूर्यप्रकाशातली निम्म्याहून जास्त ऊर्जा ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्याबाहेरची, पानाला निरुपयोगी. काही प्रकाश परत फिरतो, वर श्वसनाचा खर्च. सगळे वजा करून सामान्य, म्हणजे सी-३ वनस्पतींसाठी कमाल मर्यादा सुमारे ४.६ टक्के आणि सी-४ (ऊस, मका यांसारख्या) वनस्पतींसाठी सुमारे ६ टक्के निघते. प्रत्यक्ष शेतात १-२ टक्के साठले तरी पीक उत्तम म्हणायचे.

कॅल्विन चक्राचे दुखणे रुबिस्को. कार्बन डायऑक्साइड पकडणारे हे विकर सेकंदाला तीन ते दहा रेणूच पकडते. इतर विकरे त्याच वेळात शेकडो-हजारो रेणू उरकतात. म्हणून पानाला ते प्रचंड प्रमाणात साठवून ठेवावे लागते. त्यात ते चुकते. कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडते, २५ अंश सेल्सिअसला साधारण दर तीन-चार बरोबर पकडींमागे एकदा. ती चूक निस्तरायला एटीपी जातो आणि पकडलेला कार्बनही सुटतो. यालाच प्रकाशश्वसन म्हणतात. नावात श्वसन असले तरी त्यातून एटीपी मिळत नाही. तापमान वाढले की चुका वाढतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी या सी-४ वनस्पती रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड आधीच दाटून ठेवतात. त्यासाठी प्रत्येक कार्बनमागे दोन एटीपी जास्त मोजावे लागतात. कडक उन्हात हा सौदा परवडतो, थंड सावलीत नाही.

आता उतार. ग्लुकोज मोडण्याची सुरुवात तंतुकणिकेत होत नाही, पेशीद्रवात होते. तिथे त्याचे दोन पायरुविक आम्ल होतात, निव्वळ दोन एटीपी आणि दोन एनएडीएच मिळतात. ऑक्सिजनची गरज अजून पडलेली नाही. मग पायरुविक आम्ल तंतुकणिकेत जाते, प्रत्येकी एक कार्बन डायऑक्साइड सुटतो, एक एनएडीएच मिळतो, आणि उरलेला दोन कार्बनांचा तुकडा क्रेब्ज चक्रात शिरतो. चक्राच्या दोन फेऱ्यांत सहा एनएडीएच, दोन एफएडीएच-२ (हाही इलेक्ट्रॉनांचा वाहक) आणि एटीपीच्याच तोलाचे दोन जीटीपी. ग्लुकोजचे सहाही कार्बन आता वायू होऊन गेले, पण थेट हातात पडलेले एटीपी अवघे चार. उरलेली सगळी कमाई दहा एनएडीएच आणि दोन एफएडीएच-२ यांच्यावर बसलेल्या इलेक्ट्रॉनांत आहे.

३८ चा आकडा इथूनच आला. पूर्वी एका एनएडीएचला तीन आणि एफएडीएच-२ ला दोन एटीपी धरत: ३० अधिक ४ अधिक ४. पूर्णांक होते, पाठ करायला सोपे. पण प्रोटॉनची मोजणी नीट होऊ लागल्यावर एनएडीएचला सुमारे अडीच आणि एफएडीएच-२ ला दीड एवढेच निघाले, कारण काही प्रोटॉन एडीपी आणि फॉस्फेट आत आणण्यातच खर्च होतात. २५ अधिक ३ अधिक ४ म्हणजे ३२. शिवाय पेशीद्रवातल्या दोन एनएडीएचना तंतुकणिकेत थेट प्रवेश नाही. त्यांचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या वाहकावर चढवून आत नेतात. स्नायूंसारख्या काही ऊतींत या अदलाबदलीत आणखी दोन एटीपी जातात, म्हणून ३०. परीक्षेत पुस्तकात असेल तेच लिहा, पण समजून ३० ते ३२ घ्या. प्रत्यक्ष पेशीत याहूनही थोडे कमी, कारण पटलातून प्रोटॉन थोडे झिरपतातच.

३२ एटीपी म्हणजे प्रमाण आकड्यांनी ९७६ किलोज्यूल, २८७० पैकी ३४ टक्के. पेशीतल्या प्रत्यक्ष परिस्थितीत निम्म्याच्या आसपास. बाकीची उष्णता. दिवसाला २००० किलोकॅलरी खर्च करणारा माणूस घ्या: ८३७० किलोज्यूल, म्हणजे २.९ मोल ग्लुकोज. मोलमागे ३० ने गुणले तर ८७ मोल एटीपी, वजन ४४ किलो. शरीरात कुठल्याही क्षणी एटीपी शंभर ग्रॅमच्या आसपासच असतो, म्हणजे तोच रेणू दिवसातून शेकडो वेळा तुटतो आणि पुन्हा जोडला जातो.

ऑक्सिजन नसेल तर? विनॉक्सीश्वसनात एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी. इथे नेहमीची चूक अशी, की अल्कोहोल किंवा लॅक्टिक आम्ल बनवण्यातून ऊर्जा मिळते असे समजले जाते. त्या पायरीतून काहीच मिळत नाही. एनएडीएचवरचे इलेक्ट्रॉन कुठेतरी टाकून रिकामा एनएडी परत मिळवणे एवढाच तिचा हेतू; रिकामा एनएडी संपला तर ते दोन एटीपीही बंद. म्हणून ऑक्सिजन काढून घेतला की यीस्ट तेवढ्याच कामासाठी साखर कितीतरी वेगाने फस्त करते.

यंत्र कसे चालते ते बिघडल्यावर जास्त कळते. सायनाइड तंतुकणिकेतल्या शेवटच्या टप्प्याला, जिथे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळतात तिथे, बसते. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशी तो वापरूच शकत नाही. डायनायट्रोफेनॉल वेगळ्या तऱ्हेने मारते: ते प्रोटॉनना पटलातून चोरवाट करून देते. इलेक्ट्रॉन वाहतात, ऑक्सिजन खर्च होतो, इंधन जळते, पण चक्र फिरत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होते. १९३० च्या दशकात ते वजन घटवण्यासाठी घेत. ताप अनावर होऊन माणसे दगावली आणि १९३८ मध्ये अमेरिकेत ते बंद झाले. तान्ह्या बाळाच्या तपकिरी चरबीत मात्र हीच चोरवाट निसर्गाने मुद्दाम, मोजून-मापून ठेवलेली असते, ऊब राहावी म्हणून. हिरव्या बाजूला तणनाशके पाहा. अ‍ॅट्राझीन प्रकाशप्रणाली २ मधून इलेक्ट्रॉन पुढे जाऊ देत नाही. पॅराक्वाट प्रकाशप्रणाली १ कडून इलेक्ट्रॉन चोरून ऑक्सिजनच्या माथी मारते, त्यातून घातक रेणू बनतात आणि पान काही तासांत करपते. फवारून अंधारात ठेवलेले रोप मात्र बराच वेळ तसेच हिरवे राहते. प्रकाशात आणले की करपते.

कुंडीत पाणी तुंबल्यावर रोप मान टाकते, तेही श्वसनाचेच प्रकरण. ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मुळांचा एटीपी आटतो, क्षार आत ओढण्याचे काम थांबते, पाणी शोषणेही मंदावते, आणि पाण्यात उभे असलेले रोप तहानेने कोमेजते. पाहणारा आणखी पाणी घालतो. करायचे ते उलट: निचरा मोकळा करायचा, माती वाळू द्यायची.

प्रयोग करून दाखवायचे असतील तर तीनच पुरेत, पण नीट करावेत. स्टार्चच्या परीक्षेसाठी कुंडी दोन दिवस अंधारात, मग पानाच्या काही भागावर दोन्ही बाजूंनी काळा कागद लावून पाच-सहा तास उन्हात. पान उकळत्या पाण्यात मिनिटभर, म्हणजे विकरे थांबतात आणि पेशींची पटले फुटतात. मग परीक्षानळीत अल्कोहोल घेऊन ती गरम पाण्यात उभी करायची, ज्योत आधी विझवून; अल्कोहोल ७८ अंशालाच उकळते आणि त्याची वाफ पेट घेते. पान पांढरट झाले की ते काचेसारखे कडक असते, कोमट पाण्यात बुडवले तर पसरता येते. मग आयोडिन. निळा-काळा रंग आलाच नाही तर बहुधा पान अजून गरम असते. स्टार्च-आयोडिनचा रंग उष्णतेने उडतो आणि थंड झाल्यावर परत येतो. कांद्याची पात घेतली तर प्रयोग फसणारच, तिथे स्टार्च साठतच नाही.

हायड्रिलाच्या बुडबुड्यांसाठी ताजी फांदी पाण्याखालीच तिरकी कापून कापलेले टोक वर ठेवायचे. उकळून गार केलेले पाणी वापरू नये, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो. अर्धा टक्का खाण्याचा सोडा घालावा. दिवा लांब-जवळ करताना दर वेळी चार-पाच मिनिटे थांबून मग मोजावे. दिवा फार जवळ नेल्यावर बुडबुडे वाढायचे थांबतात, तेव्हा प्रकाश पुरेसा झालेला असतो आणि अडचण कार्बन डायऑक्साइडची असते. तापणारा दिवा असेल तर निकालात तापमानही मिसळते, एलईडी घ्यावा. बुडबुडा शुद्ध ऑक्सिजनचा नसतो, पाण्यातला नायट्रोजनही त्यात येतो, त्यामुळे थोड्या वायूवर निखारा भडकला नाही म्हणून प्रयोग चुकला असे मानू नये.

तिसरा श्वसनाच्या उष्णतेचा. रात्रभर भिजवून मोड येऊ लागलेले वाटाणे एका थर्मास फ्लास्कमध्ये, तेवढेच वाटाणे दहा मिनिटे उकळून गार करून दुसऱ्यात. दोन्ही भरण्याआधी सौम्य विरंजक द्रावणात काही मिनिटे ठेवून धुवावेत. थर्मामीटरचे टोक वाटाण्यांच्या मधोमध. तोंडाला बूच नको, कापूस, आणि फ्लास्क उलटा टांगलेला, म्हणजे जड कार्बन डायऑक्साइड खाली निघून जातो आणि ऑक्सिजन आत येतो. घट्ट बूच लावले तर पहिल्या दिवशी चढलेले तापमान दुसऱ्या दिवशी अडकते. सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उकळलेल्या वाटाण्यांचा फ्लास्कही तापू लागला, तर उघडून वास घ्यावा. आंबूस वास आला की समजावे, मेलेले वाटाणे श्वसन करत नाहीत, त्यांच्यावर वाढलेले जिवाणू आणि बुरशी करतात.